कुणी न हाताळलेला ब्रश

तिला भिंगरी म्हणतात ते काही लाडाने नव्हे. लहानपणी वडील एकदा वैतागून म्हणाले, "या पोरीच्या पायाला भिंगरी आहे," आणि गल्लीने ती पायाची काढून अख्ख्या पोरीला चिकटवली. आता ती पन्नाशी ओलांडून गेली, गुडघे कुरकुरतात, तरी नाव तेच. खरं तर भिंगरी निदान एका जागी फिरते, या बाईला तेवढीही सवड नाही. चहा उभ्याने पिते, जेवताना मधेच उठते, आणि बसलीच कुठे तर हाताला चाळा सुरू. डब्याचं झाकण नीट का लागत नाही, खुर्चीचा खिळा कशाने सैल झाला, दाराला ही कडी बसवणारा शहाणा कोण!

लग्नाचं एकदा जुळत आलं होतं. बोलणी करायला पाहुणे आले आणि मुलाच्या काकांची खुर्ची डुगडुगायला लागली. भिंगरीला ते बघवेना. तिने काकांना उठवलं, खुर्ची उलटी केली, पाय ठोकून सरळ केला आणि म्हणाली, "आता बसा निवांत." काका बसले, पण निवांत काही बसले नाहीत. पुढे निरोप आला की मुलगी हुशार आहे, पण आमच्या घरात मोडक्या खुर्च्या नाहीत. हा किस्सा ती स्वतःच हसत हसत सांगते. त्या हसण्यात किती खरं हसू आहे हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

गल्ली ब्रशवाल्यांची. दोन्ही बाजूंना घरं, खाली कारखाना आणि वर राहायची खोली. कारखाना म्हणायचं आपलं, एक लांब टेबल, भोकं पाडायचं यंत्र, तारेची रिळं आणि केसांचे गठ्ठे, एवढाच पसारा. लाकडाच्या पाठीला भोकं पाडायची, केसांचा झुपका दुमडून तारेने आत ओढून घ्यायचा, वरून कात्रीने सारखा करायचा. कपड्यांचे ब्रश, बुटांचे, बाटल्यांचे, भट्टी झाडायचे, घड्याळजींना लागतात ते बोटाएवढे. भिंगरीच्या कारखान्यात एक गंमत होती. तिचे वडील डावरे, ती डावरी आणि तिचा धाकटा भाऊही डावरा. त्यामुळे यंत्राचा दांडा उलट्या बाजूला, कात्र्या उलट्या, टेबलावरच्या वस्तूसुद्धा उलट्या हाताला. बाहेरचा कारागीर तिथे कामाला बसला की दुपारपर्यंत त्याचं डोकं दुखायला लागायचं.

आता या गल्लीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. कुणाला काही नवं सुचलं, म्हणजे वाकडी मान असलेला ब्रश, केस लवकर गळू नयेत म्हणून तारेला दिलेली जास्तीची एक गाठ, असं काहीही, की सुट्टीच्या सकाळी ते आपल्या खिडकीत ठेवायचं. येणारा जाणारा ते उचलणार, हातात फिरवणार, नाक मुरडणार. एखादा घरी घेऊन जाणार आणि पुढच्या सुट्टीला त्यात काहीतरी बदल करून स्वतःच्या खिडकीत ठेवणार. मग तिसरा ते नेणार. असं करत करत वस्तू गल्लीभर फिरायची आणि शेवटी अशी घोटून निघायची की नाव ठेवायला जागा उरायची नाही. मूळ कुणाची, हे तोवर कुणाच्या लक्षातही नसायचं. विचारलंच तर लोक म्हणायचे, "खिडकीत होती बाबा."

भिंगरीची खिडकी कधी रिकामी नसे, हे वेगळं सांगायला नकोच. आणि तिच्या वस्तू पहिल्यांदा उचलायचा मान समोरच्या घरातल्या बाईचा. दोघी एका वयाच्या, एका शाळेतल्या, आणि जन्मभर एकमेकींना 'समोरची' म्हणत आलेल्या. पण भिंगरीला दुसरं नाव मिळाल्यामुळे समोरची म्हणून गल्लीला ती एकटीच उरली. समोरची वस्तू उचलायची, उलटसुलट करायची आणि दारातूनच ओरडायची, "भिंगरे, हे काय माणसांसाठी केलंयस की माकडांसाठी?" मग भिंगरी तणतणत रस्ता ओलांडून जायची आणि तासभराने दोघी एकाच टेबलावर वाकलेल्या दिसायच्या.

दिवस पालटले. मोठ्या कारखान्यांचे प्लास्टिकचे ब्रश आले, यंत्रातून शेकड्याने गळणारे. गल्लीचा वाकड्या मानेचा ब्रश तर एका कारखान्याने उचलला आणि चकचकीत कागदात गुंडाळून गल्लीच्याच दुकानात विकायला आणून ठेवला. तरणी मुलं कामासाठी परगावी जायला लागली. संध्याकाळी गल्लीत फिरलं की आधी सगळीकडून ठोकाठोकी ऐकू यायची, ती आता कुठल्या घरातून येतेय हे ओळखता येऊ लागलं.

एखाद्या भागाची वरच्या लोकांना काळजी वाटायला लागली, की आधी एक पाटी येते. इथेही आली. स्टेशनमागच्या बंद गोदामाला रंग लागला आणि वर लिहिलं, 'प्रादेशिक नवोन्मेष केंद्र.' गल्लीत कुणाचीही जीभ त्या शब्दाला वळेना, म्हणून लोक त्याला नवंकेंद्र म्हणू लागले. पण पाटीच्या मागे या वेळी माणूसही होता. केंद्रातल्या मॅडम वयाने लहान होत्या, पण खुर्चीला चिकटून बसणाऱ्या नव्हत्या. घराघरात फिरल्या, केसांच्या धुळीने शिंकल्या, आणि भिंगरीच्या टेबलाशी तर इतक्यांदा आल्या की तिला मावशी म्हणू लागल्या.

त्यांनी सगळ्यांना गोदामात बोलावून समजावून सांगितलं. "हा भाग वर यायचा तर जुना माल स्वस्तात विकून येणार नाही. नवी वस्तू हवी. केंद्राचं निवड मंडळ तुमच्यातला एक कारखाना आधी निवडणार. त्याला इथे जागा, यंत्रं, बाजारात जायला मदत. त्याच्याकडे माणसं कामाला लागतील. तो उभा राहिला की मग पुढचा."

"आणि अट काय?" समोरचीने विचारलं. फुकट काही मिळत असेल तर ती आधी अट विचारते.

"वस्तू नवी हवी, एकाच कारखान्याची हवी आणि आधी कुठेही दाखवलेली नको. एकदा ती नावावर नोंदली की बाहेरचा कुणी उचलू शकणार नाही. तुमचा वाकडा ब्रश गेला ना? तो नोंदलेला असता तर गेला नसता."

यात खोटं काय होतं? काही नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. भिंगरीनेही डोलावली, पण काहीतरी टोचत राहिलं आणि काय ते तिला कळेना. घरी येईपर्यंत तिने केंद्राच्या माहितीपत्रकाच्या बारीक बारीक घड्या घालून त्याचा चुथडा केला होता.

तिला या निवडीची गरज होती, आणि ती यंत्रासाठी नव्हती. धाकट्या भावाची बायको परगावी एका दवाखान्यात कामाला लागली होती आणि लहान मुलीला घेऊन तिथेच राहत होती. धाकटा इथे, बहिणीपाशी. तिकडे त्याला एका गोदामात नोकरी तयार होती. त्याने एकदा जेवताना मान खाली घालून सांगून टाकलं, "ताई, आपली निवड झाली तर मी त्या दोघींना इकडे घेऊन येईन. इथेच तिला काम मिळेल. नाही झाली तर मात्र मला त्याच महिनाअखेरीला जायला हवं. पोरगी फोनवर रोज विचारते."

"जा की," भिंगरी म्हणाली. "मी काय तुला बांधून ठेवलंय?" आणि उठून तिने सगळी भांडी पुन्हा घासायला काढली. ती आधीच घासलेली होती.

त्या रात्रीपासून तिचं डोकं थांबेना, आणि त्याच तगमगीतून वस्तू निघाली. बाटलीचा ब्रश, पण अरुंद तोंडातून आत शिरताना मिटलेला. आत गेल्यावर मूठ फिरवली की केसांच्या पट्ट्या छत्रीसारख्या फुलायच्या आणि बाटलीच्या पोटापर्यंत पोहोचायच्या. उलट फिरवली की मिटून बाहेर. दांड्याच्या आत सळई, सळईला आटे, आट्यांवर सरकणारं कडं. कितीतरी कडी वाया गेली. तिने वापरून पाहिला, धाकट्याने पाहिला. साबणात, गरम पाण्यात, तेलकट बरणीत. लोण्यासारखा चालला.

"ताई, हे झालं," धाकटा म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. भिंगरीने ते पाहिलं आणि ब्रश उगाच आणखी एकदा फुलवून मिटवला.

सुट्टीची सकाळ उजाडली. सवयीने तिचा हात ब्रशासकट खिडकीकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि परत आला. तिने तो कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग खिडकी रिकामी दिसायला नको म्हणून तिथे एक जुनाच बुटांचा ब्रश ठेवला. जन्मात पहिल्यांदा तिला आपल्याच खिडकीकडे बघवेना.

पण ती एकटी नव्हती. रस्त्यात येऊन बघते तर सगळ्याच खिडक्यांत जुना माल. दोन आठवड्यांत काचांवर वर्तमानपत्रं चिकटली. ठोकाठोकीचा आवाज येत असेल आणि तुम्ही दार वाजवलंत, की आवाज बंद, आणि मग बऱ्याच वेळाने दार फटीएवढं उघडणार. "काय काम होतं?" ज्या गल्लीत कुणाच्या दारी जायला काम लागत नसे, तिथे हा प्रश्न! शेजारी शेजाऱ्याच्या कचऱ्यात वाकून बघू लागला. समोरची एकदा सुई मागायला आली. सुई हातात मिळाली तरी तिची नजर कपाटावर, टेबलाखाली, जिन्यावर.

"सुई दिली ना?" भिंगरी म्हणाली.

"दिलीस की."

"मग ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस? काय बघायचंय ते विचार."

"मी कशाला विचारू? माझंही झालंय तयार. मी दाखवतेय का तुला?" समोरची ताडकन गेली. भिंगरी तिच्या मागे दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा दारापर्यंत गेली. दिवसभर तिच्या हातून एक झुपका सरळ बसला नाही.

निवडीचा दिवस आला. गोदामात लांब टेबल, त्यावर गल्लीचे जुने ब्रश नमुन्याला मांडलेले, पलीकडे मंडळाची माणसं, आणि एकाचं दुसऱ्याला दिसू नये म्हणून एका वेळी एकच कारखाना आत. अध्यक्ष जुने इंजिनियर, स्वभावाने बरे. ऐकून घेणारे, हसून बोलणारे. भिंगरीने ब्रश चालवून दाखवला. मिटलेला आत, मूठ फिरवली, फुलला, घासलं, मिटला, बाहेर. मंडळातल्या एका बाईंच्या तोंडून "अरे वा!" निघून गेलं. मागे बसलेल्या धाकट्याने मांडीवर हलकेच मूठ आपटली.

"द्या बघू," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी ब्रश उजव्या हातात घेतला. सगळं जग घेतं तसा.

उजव्या हाताचं मनगट घासताना वळतं ते नेमकं उलट्या अंगाने. ब्रश घासायच्या वेळी मिटायला लागला. अध्यक्षांनी तो बाहेर ओढताना मनगट सवयीने वळवलं, तर तो आत पुरता फुलला. त्यांनी सोडवायला आणखी फिरवला, तो आणखी घट्ट झाला. बाटली त्यांच्या हाताला लटकली. त्यांनी हसून ती मॅडमना दिली, मॅडमनी खटपट केली, तिथेही तेच. भिंगरी पुढे धावली, डाव्या हाताने एका झटक्यात सोडवून म्हणाली, "असं करायचं." आणि म्हणतानाच तिला कळलं. तोंडात मारल्यासारखी ती उभी राहिली.

कळायला काय मोठं होतं? खिडकीत ठेवला असता तर समोरची पहिल्याच मिनिटाला रस्त्यापलीकडून ओरडली असती, "भिंगरे, हा फक्त तुझ्या घराण्यासाठी आहे का?"

पण समोरचीला तरी हसायला कुठे जागा होती! तिने लोकरीच्या कपड्यांसाठी सुरेख ब्रश केला होता, दोन थरांचा. फक्त त्याचा डिंक असा घाणेरडा वास मारत होता की मंडळाने दारं उघडायला लावली. समोरचीला कित्येक वर्षांपासून वास येत नाही, हे गल्लीला पाठ आहे आणि गल्ली तिला प्रत्येक वेळी डिंक बदलायला लावते. या वेळी सांगणार कोण? एका ताडमाड उंच कारागिराने छत झाडायचा ब्रश केला होता, तो त्याच्या उंचीला झकास. बाकी कुणीही धरला की सगळी धूळ डोळ्यांत. एकेक वस्तू पुढे येत गेली आणि प्रत्येकीत असाच काही ना काही घोटाळा निघत गेला.

अध्यक्षांनी थट्टा केली नाही. ते म्हणाले, "कल्पना उत्तम आहेत, पण वस्तू कच्च्या राहिल्यात. या वेळी कुणाचीच निवड करता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बसू."

मॅडम टेबलावरचे जुने ब्रश एकेक उचलून बघत होत्या. "हे इतके पक्के," त्या हळूच म्हणाल्या, "आणि नवे असे कसे?"

भिंगरीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं. ते बोललं असतं तर कपाटाचं कुलूप उघडावं लागलं असतं, आणि शेजारी धाकटा उभा होता.

घरी येताना भिंगरीने ब्रशाची मूठ उलटसुलट फिरवत अख्खा रस्ता संपवला. दारात पोचल्यावर धाकटाच म्हणाला, "आटे उलटे पाडायचे, एवढंच ना? ताई, चूक आपल्याला कळली, बाकीच्यांना त्यांच्या कळायला वेळ लागेल. सहा महिने कुणाला दाखवू नकोस. पुढच्या वेळी आपलीच निवड. मी... मी सांगतो घरी तसं. थांबतो मी."

"पोरीला काय सांगशील?"

"सांगेन काहीतरी."

भिंगरीने "बरं" म्हटलं. केवढा सुखाचा शब्द होता तो! भाऊ राहणार होता, संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजणार होती, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी शिंकणार होतं. तिने आटे उलटे पाडले. आता तो तिच्या हातात अडकायला लागला, म्हणजे बरोबर झाला असावा. असावा! खात्री कशी करायची? तिने आपल्या उजव्या हातात धरून पाहिला, पण तिचा उजवा हात म्हणजे नुसता शोभेचा. धाकट्याचाही तसाच. आपलं मूल परक्याच्या घरी कसं वागतं ते कळू नये, तसं तिला झालं. ती ब्रश कपाटात ठेवायची, काढायची, पुन्हा ठेवायची. जिना चढायची आणि कशाला चढली ते विसरून उतरायची.

शेवटी ती केंद्रात गेली. मॅडम बाहेर सांगणार नव्हत्या, आणि त्यांचा हात उजवा होता. मॅडमनी बाटली घासली, ब्रश बाहेर काढला, पुन्हा घातला. "छान चालतोय, मावशी."

"छान म्हणजे?"

मॅडमनी हात पुसले. "खरं सांगू? मी घरी बाटली धुते ती पाणी घालून हलवून. मला चालतोय एवढं सांगता येतं. काय खटकतंय ते सांगायला त्यातलं माणूस लागेल."

"आणि त्यातल्या माणसाला दाखवला तर?"

"तर नियमाने तो बाद. नियम बदला असं मी वर कळवलंय. जुन्या नमुन्यांवर कुणाचंच नाव सांगता येत नाही, हे बघितल्यापासून माझंही डोकं त्यातच आहे. पण वरून उत्तर यायला वेळ लागतो. तोवर मी तुम्हाला दाखवा म्हणू शकत नाही, आणि दाखवू नका म्हणायला माझी जीभ वळत नाही." त्यांनी ब्रश दोन्ही हातांनी परत दिला.

भिंगरी स्टेशनमागून चालत निघाली. गल्ली आली. दोन्हीकडे वर्तमानपत्रं लावलेल्या काचा. समोरची दारात पायरीवर बसून केसांचे गठ्ठे निवडत होती. निवडीच्या दिवसापासून दोघींत बोलणं नव्हतं. भिंगरी आपल्या घराकडे वळली, दाराला हात लावला, आणि तिथून तिचे पाय उलटे फिरले. पिशवीतून ब्रश काढून तिने समोरचीपुढे धरला.

"हे धर जरा. उजव्या हातात."

समोरचीने ब्रशाकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"धर म्हणते ना. फिरवून सांग फक्त."

"मी नाही हात लावत."

"का? चावतो तुला?"

"उद्या माझ्याकडून तसलं काही निघालं तर म्हणाल, समोरचीने चोरलं. तू नाही म्हणालीस तरी गल्ली म्हणेल. तो तुझा आहे. घेऊन जा आत." समोरचीचा आवाज रागाचा नव्हता. घाबरलेला होता.

भिंगरीचा हात तसाच राहिला. या गल्लीतून सायकल चोरीला गेली होती, वाळत घातलेले कपडे गेले होते. ब्रश कधी कुणी चोरला नव्हता, कारण चोरायला तो आधी कुणाचा तरी असावा लागतो. आयुष्यभर जे हात तिच्या प्रत्येक वस्तूत खुपसले गेले, ते आज पाठीमागे एकमेकांना घट्ट धरून बसले होते. तिला एवढं वाईट कधीच वाटलं नव्हतं. लग्न मोडलं तेव्हाही नाही.

"मग चोर!" ती ओरडली. "चोर गं बाई! मी सांगते ना, चोर! मला एकटीला हा नीट करता येत नाही. मला काही कळेनासं झालंय. चोर, आणि काय वाईट आहे ते सांग मला!"

काचांवरच्या वर्तमानपत्रांचे कोपरे उचलले गेले. तिच्या मागे दार उघडलं आणि धाकटा पायरीवर आला. "ताई, हळू," तो म्हणाला. "रस्त्यात आहेस. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

भिंगरी वळली. तिला तो हवा होता. इतकी साधी गोष्ट, आणि ती तिने तोंडाने कधी म्हटली नव्हती, ब्रशाबरोबर कुलूप लावून कपाटात ठेवली होती. "मला तू इथे हवा आहेस रे," ती म्हणाली. "फार हवा आहेस. पण तुझी पोरगी तिकडे रोज विचारते आणि तू इथे माझ्या कपाटाची राखण करतोयस. हे काय राहणं झालं?"

धाकटा पायरीवरून एक पाऊल खाली उतरला.

समोरचीचे हात पाठीमागून पुढे आले. तिने ब्रश घेतला, उजव्या हातात धरला, मूठ एकदा फिरवली, पुन्हा फिरवली, डोळे मिटून फिरवली. "आटे बरोबर आहेत," ती म्हणाली. "मूठ मात्र चुकलीय. ओल्या हातातून सटकणार. याला खाचा लागतील. मी घरी नेते."

"ने."

"ताई," धाकटा म्हणाला, "आता पुढच्या वेळी आपल्याला घेणार नाहीत."

"माहीत आहे."

"मग मी..."

"जा," ती म्हणाली. "महिनाअखेरीची वाट बघू नकोस. सुट्टीच्या दिवशीच जा, म्हणजे पोरगी घरी असेल."

तो आत गेला. भिंगरी रस्त्याच्या मधोमध उभी राहून रडायला लागली, लहान पोर रडतं तशी, तोंड न झाकता. समोरची ब्रश काखेत धरून तिच्याजवळ उभी राहिली. समजूत घालायला तिला कधीच जमलं नव्हतं.

"रडून झालं की सांग," ती म्हणाली. "खाचा कुठे पाडायच्या ते दाखवते."

वरच्या खोलीत पलंगाखालून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. भिंगरीने बाहीने तोंड पुसलं.

"आत्ताच दाखव," ती म्हणाली.